स्विचमधलं कुंकू

तिसऱ्यांदा गाडी वर्कशॉपला न्यायची वेळ आली तेव्हा स्वप्नाने ठरवूनच टाकलं होतं, की या खेपेला कपिलला एकट्याला पाठवायचं नाही. नवरा तिचा कष्टाळू. नारायणगावच्या टोमॅटो यार्डात दहा चाकी गाडी उलटी घालताना इंचभर इकडेतिकडे होऊ देत नसे. पण समोरच्याने शर्ट इन केलेला असला आणि त्याच्या हातात कागद असला, की कपिलची मान आपोआप होकारार्थी हलायची. दोन खेपा तो असाच मान हलवून परत आला होता. "बघितलं त्यांनी. गाडीत काय दोष न्हाई म्हणाले," असं सांगून हातपाय धुवायला निघून जायचा.

दोष तसा बोटभर जागेतला. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला क्रूझचं बटण. हायवेला ते एकदा दाबलं की गाडी तो वेग धरून चालते, ॲक्सिलेटरवर पाय ठेवायला नको; ब्रेक मारला की सुटते. सुरतेच्या लांब पल्ल्याला कपिलला त्याचं फार कौतुक होतं. पण उन्हं तापायला लागली तसं ते बटण दाबलं की आतच बसायला लागलं. ब्रेक मारला की गाडी सुटायची आणि ब्रेकवरचा पाय काढला की आपली पुन्हा साठ धरायची. कपिलने क्रूझ वापरणंच बंद केलं. तर पंधरा दिवसांनी कोणी न दाबताच बटण आत गेलं.

ते झालं कळंबजवळ. पुढे एक बाई स्कुटीवर, पुढ्यात चारेक वर्षांचं पोर उभं. कपिलने ॲक्सिलेटरवरून पाय काढला, तर गाडी ढिली पडेना. ब्रेक मारला, गाडी हळू झाली. सुटलो एकदाचे म्हणून पाय उचलला, तर गाडीने पुन्हा उसळी घेतली. मग त्याने ब्रेकवर उभं राहूनच गाडी कडेला घेतली आणि चावी काढली. बाईला काही कळलंसुद्धा नाही. ती आपली गेली पुढे.

ही गोष्ट कपिलने घरी सांगितली ती तिसऱ्या दिवशी, जेवताना, हसत हसत. स्वप्नाच्या हातातला घास हातातच राहिला.

त्या दिवसापासून ती स्कुटी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. अडीच वर्षांची लेक श्रेया खेळता खेळता उंबऱ्याला अडखळली तरी ही धावत जाऊन तिला उचलून घ्यायची. आणि पुढचा विचार तर त्याहून वाईट होता. उद्या खरंच काही झालं तर पोलीस विचारतील, गाडीत दोष होता का? आणि वर्कशॉपचे दोन कागद छापील अक्षरात सांगतील, दोष नव्हता. म्हणजे मग राहिला कोण? ड्रायव्हर.

ओतूरच्या कॉलेजात तिने फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं. त्याचा उपयोग आजवर शेजारच्या पोरांच्या शिकवण्यांपुरताच झाला होता. आता ती कपिलच्या दर फोनला विचारू लागली, "बटण कसं आहे? गाडी सावलीत लावली होती का उन्हात? किती वेळ?"

"त्या बटणाशीच लग्न लावायचं व्हतं तुझं," कपिल म्हणायचा. "नवऱ्याची तब्येत कधी इतकी इचारली न्हाई."

पण तीन आठवड्यांत तिला जे कळायचं ते कळलं. गाडी यार्डात भर दुपारी काचा बंद करून दोन तास उभी असली, तर बटण अडकायचं. सकाळी कधीच नाही. आणि वर्कशॉपवाले गाडी दोन्ही वेळा बघत होते ती सकाळी दहाला, पत्र्याच्या शेडखाली, पंखा लावून.

वारूळवाडीच्या इलेक्ट्रिशियनने वायर तोडायची तयारी दाखवली होती. वर सांगून टाकलं, की हॉर्नची लाइन पण त्याच गठ्ठ्यात आहे आणि कंपनीची वॉरंटी मग विसरायची. हॉर्न नसलेली गाडी घेऊन नवरा घाट उतरतोय, हे चित्र स्वप्नाने डोळ्यांसमोर आणलं आणि लगेच पुसून टाकलं.

असे ते तिघं त्या मंगळवारी मंचरच्या अलीकडच्या वर्कशॉपला पोहोचले. कपिल ट्रक घेऊन पुढे, स्वप्ना श्रेयाला घेऊन मागून एसटीने. श्रेयाला त्या गाडीत ती बसवणार नव्हती. तीनला यार्डात माल भरायचा होता.

अकराच्या सुमाराला सुपरवायझर नवनाथ काउंटरवर आला. पोरगेला, चुणचुणीत, कानाला फोन. बोलता बोलताच त्याने जॉबकार्ड कपिलपुढे सरकवलं आणि पेन त्याच्या बोटांत दिलं.

"झालंय भाऊ. इथं सही. या वेळी कारण सापडलंय."

कपिलने पेन धरलं. स्वप्नाने त्याच्या हाताखालून कागद ओढून घेतला आणि वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"स्विचमध्ये हळदी-कुंकवाची पावडर. ग्राहकाची चूक. वॉरंटी लागू नाही." तिने मान वर केली. "हे कोणी लिहिलं?"

"मीच. काय होतं वहिनी, तुम्ही लोक गाडीची पूजा करता. दसरा म्हणा, अमावस्या म्हणा. भक्तिभावाने स्टिअरिंगला पण बोटं ओढता. ती पावडर जाते आत. महिन्याला दहा केस असतात असल्या."

"आमच्या गाडीच्या स्विचमध्ये कुंकू सापडलं?"

"सापडलं म्हणूनच लिहिलं ना."

"तुम्ही आमची गाडी बघितली का?"

"दोन तास तेच करत होतो की."

"नाही, म्हणजे नुसती समोर उभं राहून बघितली का? चला बरं जरा."

नवनाथने फोन खाली घेतला. श्रेयाला कडेवर घेऊन स्वप्ना शेडकडे निघालीसुद्धा होती. कपिल मागून हळूच म्हणत होता, "अगं स्वप्ना, र्‍हाऊ दे, आपल्याला काम करून घ्यायचंय," पण ते तिच्यापर्यंत पोहोचलं नाही, किंवा तिने पोहोचू दिलं नाही.

ट्रकच्या कपाळावर निळ्या अक्षरात जय भीम लिहिलेलं होतं. काचेच्या कोपऱ्यात पंचरंगी झेंडा, डॅशबोर्डवर बोटभर उंचीची बुद्धाची मूर्ती. नवनाथने ते सगळं पाहिलं आणि त्याची नजर आपसूक जमिनीवर गेली.

"आमच्या घरात गाडीला कुंकू लावत नाहीत," स्वप्ना म्हणाली. "नारळ फोडत नाहीत, लिंबू-मिरची बांधत नाहीत. गाडी दारात आली तेव्हा माझ्या सासूबाईंनी मेणबत्ती लावली, पांढरी फुलं वाहिली, सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि पेढे वाटले. फुलं बुद्धापुढे होती, स्टिअरिंगवर नाही. आता सांगा, पावडर कुठली?"

आजूबाजूचे मेकॅनिक पाना हातात धरून उभे राहिले. पलीकडच्या गाडीशी एक म्हातारा ड्रायव्हर ग्रीसचे हात पुसत होता. तोही पुढे झाला.

"मग... डिलिव्हरीच्या वेळी शोरूममध्ये लावलं असेल," नवनाथ म्हणाला. "तिथं सगळ्यांनाच लावतात."

"ताट आणलं होतं तिथल्या ताईंनी. सासूबाईंनी त्यांच्या हाताला धरून सांगितलं, बाई, आमच्यात नसतं, तुझ्या शुभेच्छा तेवढ्या दे. पण चला, आमची नजर चुकवून लावलं असं धरू. मग लावलं कोणी? तुम्ही. आणि चूक ग्राहकाची?"

कोणीतरी खुदकन हसलं.

"ओ सायेब," तो म्हातारा म्हणाला, "हिकडं या जरा. ही माजी गाडी. गेणभाऊ म्हन्त्यात मला. दर आवसंला पूजा करतो, बॉनेटावर पावशेर कुंकू निघंल बगा खरवडलं तर. स्टिरिंगवर बी हाय. माजी समदी बटनं टकाटक चालत्यात. मग तिच्या गाडीत न लावलेलं कुंकू अडकलं आन् माज्यात लावलेलं न्हाई अडकलं? लईच सोवळं कुंकू म्हनायचं राव!"

आता मात्र सगळं शेड हसलं. नवनाथचे कान लाल झाले. तो तडक आतल्या केबिनमध्ये गेला आणि मॅनेजरला घेऊन आला.

मॅनेजरचं नाव तुळशीदास. पन्नाशीचा, शांत माणूस. आवाज न चढवता समोरच्याला दमवायची सवय असलेला. त्याने इंजिन चालू केलं, बटण दहा वेळा दाबलं, दहा वेळा ते टपकन वर आलं.

"चालतंय की मॅडम."

"सावलीत चालतंच. बाहेर उन्हात लावा. काचा बंद. दोन तास."

"दोन तास? इथं वीस गाड्या लायनीत आहेत."

"गाडी बाहेर उभी करायची आहे. लायनीतली एक गाडी कमीच होईल तुमची."

तुळशीदासने कपिलकडे पाहिलं. बायकोला आवर, असं म्हणणारी ती नजर होती. स्वप्नानेही पाहिलं. कपिल एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग केबिनमध्ये चढला, गाडी बाहेर मोकळ्या पटांगणात नेली, काचा वर केल्या आणि चावी आणून स्वप्नाच्या हातात दिली.

कडुनिंबाखाली बसून तिने श्रेयाला भात भरवला. वरून ती ठाम दिसत होती. आत जीव टांगणीला लागलेला. आज नाहीच अडकलं तर? यंत्राचं काय सांगावं, नेमकं दाखवायच्या वेळी शहाण्यासारखं वागतं. मग हेच लोक हसतील, कपिल पुन्हा मान हलवेल, सही होईल आणि तीनला माल भरून गाडी सुरतेला निघेल. तिने गाडीकडे पाहिलं. बॉनेटवर हवा थरथरत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला ऊन कमी वाटत होतं.

मेकॅनिक येता-जाता टोमणे मारत होते. "वहिनी, पापड पण ठेवायचे होते टपावर!"

"कुरडया आणते पुढच्या वेळी," ती म्हणाली. "तुमची कामाची पद्धत बघता अजून दोन-तीन उन्हाळे यावं लागेल मला."

गेणभाऊ तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. "पोरी, येवडं कशाला? काडेपेटीची काडी घालायची फटीत. बटन आत जात न्हाई. लई डायवर आसंच करत्यात."

"काडी पडली तर, भाऊ?"

"दुसरी घालायची."

"आणि पहिली पडली तेव्हा पुढं कोणी चाललं असलं तर?"

गेणभाऊने तोंडातली तंबाखू थुंकली. मग म्हणाला, "माज्या घरचीनं आसं कदी इचारलं न्हाई. म्या बी कदी इचारलं न्हाई म्हना."

एक वाजून चाळीस मिनिटांनी तुळशीदास बाहेर आला. दार उघडल्यावर भट्टीसारखी झळ आली. त्याने रुमालाने स्टिअरिंग धरलं. स्वप्ना पायरीवर चढून आत डोकावली. बटणाला कोणी हातही लावला नव्हता, तरी त्याची एक कड आत गेलेली होती.

"दाबा," ती म्हणाली.

त्याने दाबलं. ते गेलं ते गेलंच. वर येईना. त्याने अंगठा काढला, थांबला, मग नखाने हळूच उचललं. टक्. बटण वर आलं.

"आलं की वर. थोडं जड झालंय उष्णतेने. एवढं तेवढं चालायचंच."

"ठीक आहे. मग चला, बसा. हे गाडी चालवतील, तुम्ही शेजारी बसा. मंचरपर्यंत जाऊन येऊ. गाडी रिकामीच आहे."

तुळशीदासने घड्याळ बघितलं. "मला दोनला मीटिंग आहे. नवनाथ जाईल."

नवनाथ दोन पावलं मागे सरकला. "सर, मला ते डिलिव्हरीचं पेपरवर्क..."

हायवेवरून एक टँकर हॉर्न वाजवत गेला.

"बघा बरं का सगळ्यांनी," स्वप्ना म्हणाली. "रिकामी गाडी, भर दिवसा, सरळ रस्ता. सहा किलोमीटर. तेवढ्यालाही हे बसत नाहीत. आणि माझ्या नवऱ्याने पंधरा टन टोमॅटो भरून कसारा घाट उतरायचा. का? तर कागदावर कुंकू लिहिलंय म्हणून."

मग तिने काउंटरवरून जॉबकार्ड आणलं. ग्राहकाचा अभिप्राय म्हणून तळाला दोन रिकाम्या ओळी असतात, ज्यांच्याकडे आजवर कोणी पाहिलं नसेल. त्यात ती लिहायला लागली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचायला लागली. "दुपारी एक चाळीस. बटण आत अडकलेलं आढळलं. मॅनेजरसाहेबांनी स्वतः दाबून पाहिलं, वर आलं नाही. गाडीत बसून चाचणी घेण्यास मॅनेजर व सुपरवायझर दोघांनी नकार..."

"अहो मॅडम, थांबा, थांबा." तुळशीदास पायरीवरून खाली उतरला. "नकार कोण देतंय? बदलून देऊ ना स्विच. पण पार्ट पुण्याहून येतो. आठ दिवस लागतील. तोवर गाडी सांभाळून चालवा."

"आठ दिवस गाडी इथेच राहील मग."

त्याच वेळी कपिलचा फोन वाजला. यार्डातला व्यापारी. कपिल दोन पावलं बाजूला झाला. स्वप्नाला पलीकडचा चढा आवाज ऐकू येत होता. गाडी कुठंय, हमाल थांबलेत. आता हा 'आलोच' म्हणणार, तिला वाटलं. सात वर्षांत त्या माणसाला याने दुसरं काही म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"न्हाई शेठ," कपिल म्हणाला. "आज न्हाई लागत गाडी. दुसरी बघा... व्हय, ठाऊक हाय मला, सीजन हाय... मग देऊ नका पुढच्या वेळी. पण ही गाडी अशी रस्त्यावर घालणार न्हाई मी." फोन खिशात टाकून तो परत आला. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. तुळशीदासच्या पुढ्यात उभा राहून त्याने बोट दाखवलं. "साहेब, ती काय उभी हाय कुंपणाजवळ? नवी कोरी. आमचंच मॉडेल हाय ना? तिचा स्विच काढा."

"ती डिलिव्हरीची गाडी आहे!"

"मग तिला थांबू द्या आठ दिवस. ती अजून कुणाला घेऊन रस्त्यावर गेलेली न्हाई."

"तसं करता येत नाही. सिस्टीममध्ये बसत नाही ते."

"कुंकू बसलं की सिस्टीममदी!" गेणभाऊ मागून ओरडला, आणि पाना-पक्कड टाकून सगळे पुन्हा हसले. या वेळी हसणं तुळशीदासच्या बाजूचं नव्हतं, हे त्यालाही कळलं. पटांगणात आणखी तीन गाड्यांचे ड्रायव्हर उतरून आले होते. एकाने विचारलं, "बटण आमचं बी आत बसतंय का बघता का ओ?" दुसरा आपल्या केबिनकडे बघायला गेला.

तुळशीदासने कपाळ पुसलं आणि नवनाथला म्हणाला, "काढ रे."

ती गाडी सकाळपासून उन्हातच होती; स्वप्नाने आधी तिचं बटण स्वतः दाबून पाहिलं, ते टपकन वर आलं. मग पाऊण तास लागला. जुना स्विच निघाला तसा स्वप्नाने तो मागून घेतला. "उघडा. कुंकू बघायचंय मला." मेकॅनिकने दोन स्क्रू सोडवले. आत सगळं पांढरंशुभ्र. एका कडेला प्लास्टिक साच्यातून निघतानाच फुगलेलं, नखभर. गरम झालं की तेच घासत असणार. गेणभाऊने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकून बघितलं. "एक कण न्हाई," त्याने जाहीर केलं.

नवा स्विच बसल्यावर तुळशीदास स्वतः शेजारी बसला. मीटिंगचं त्याला आता आठवत नव्हतं. श्रेयाला गेणभाऊजवळ सोडून स्वप्नाही चढली. मंचरपर्यंत जाताना कपिलने चार वेळा क्रूझ लावलं, चार वेळा ब्रेक मारला आणि पाय काढला. चारही वेळा स्वप्नाने डाव्या हाताने दाराची कडी घट्ट धरली. चारही वेळा गाडी मुकाट्याने ढिली पडत गेली. परत येताना तिने कडी सोडली, पण डोळे बटणावरच.

काउंटरवर नवनाथने नवा कागद छापून ठेवला होता. "घ्या वहिनी. कुंकू काढलंय." तो आता तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

तिने वाचलं. "ग्राहकाच्या समाधानासाठी स्विच बदलून दिला." तिने कागद परत सरकवला.

"आता काय झालं?"

"माझ्या समाधानासाठी नाही बदलला तुम्ही. बिघडला होता म्हणून बदलला. तसं लिहा."

"एकच आहे ओ ते."

"तुमच्यासाठी एक असेल. यात दोष तुमचा नाही, माझा हट्ट आहे असं दिसतं. उद्या असलाच स्विच दुसऱ्या कोणाच्या गाडीत अडकला, तर त्याने काय दाखवायचं?"

नवनाथने मॅनेजरच्या केबिनकडे बघितलं. काचेआडून तुळशीदासने हात हलवला. लिही बाबा, काय सांगते ते लिही.

"सांगा," नवनाथ म्हणाला.

कपिल पाठीमागे श्रेयाला खांद्यावर घेऊन उभा होता. पोर झोपलं होतं. स्वप्नाने काउंटरवर दोन्ही कोपर टेकले आणि शिकवणीतल्या मुलांना सांगते तसं एकेक शब्द सुटा करून सांगायला लागली.

"स्विच उष्णतेने आत अडकत होता. पूर्णविराम. कारखान्यातला दोष. पूर्णविराम."

"कारखान्यातला नका ना म्हणू वहिनी, वरून मला विचारतील."

"मग तुम्ही त्यांना उन्हात उभं राहून दाखवा. लिहा. कुंकू आढळलं नाही. ग्राहकाची चूक नाही. ड्रायव्हरची चूक नाही."

"ड्रायव्हरचं कोणी म्हटलंच नव्हतं."

"अजून कोणी म्हटलं नव्हतं," स्वप्ना म्हणाली. "लिहा."

कळफलक टकटकत राहिला. प्रिंटरमधून कागद निघाला. तिने तो उभ्या उभ्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला, खालची तारीखसुद्धा. मग पेन घेतलं आणि कपिलकडे न देता स्वतःच सही केली. घाई न करता, पूर्ण नाव: स्वप्ना कपिल वाव्हळ.

"एक प्रत मला," ती म्हणाली. "आणि एक त्या बाहेरच्या तिघांना दाखवायला."